पडद्यावरच्या लग्नाचा खर्च कोण करतो?

मेहबूब खान यांचा 'मदर इंडिया' १९५७ साली आला. आपल्यापैकी बहुतेकांनी तो थिएटरात, दूरदर्शनवर नाहीतर मोबाइलवर कधी ना कधी पाहिलेला आहे. नर्गिसने खांद्यावर घेतलेला नांगर लक्षात राहतो, आईनेच मुलावर झाडलेली गोळी लक्षात राहते, सुखीलाला सावकाराची चोपडीसुद्धा लक्षात राहते. पण त्या चोपडीतले कर्ज मुळात कशासाठी काढले होते, हे घरात कोणाला विचारून पाहा. लवकर सांगता येत नाही. ते कर्ज लग्नाचे होते. सून घरी आणताना राधाच्या सासूने सुखीलालाकडून पाचशे रुपये घेतले होते. व्याजापोटी पिकाचे तीन हिस्से सावकाराला आणि एक हिस्सा घराला, असा कागद झाला. पुढे बैल गेले, नवऱ्याचे हात गेले, नवरा गेला, मुले गेली. या सगळ्या दुःखाचे मूळ एका लग्नाच्या थाटात आहे.

आज हिंदी सिनेमातले लग्न पाहताना असा प्रश्नही मनात येत नाही. मांडव कोणी घातला, शेकडो माणसांच्या जेवणाचे पैसे कोणी दिले, मुलीच्या अंगावरचे सोने कोणाच्या कष्टाचे, काही कळत नाही. लग्न जणू आकाशातून उतरते आणि गाणी संपली की परत वर जाते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या घरांतली लग्ने बदलली, ती बऱ्याच अंशी अशी लग्ने पाहत पाहत बदलली, असे आमचे मत आहे. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद आम्ही इथे घेत नाही. त्यावर आलिमांची मते वाचकांना माहीत आहेत. पण जी गोष्ट बैठकीच्या खोलीतून मुलीच्या मेहंदीपर्यंत आणि मुलाच्या शेरवानीपर्यंत पोहोचली आहे, तिच्याकडे डोळे उघडून पाहायला हवे.

एक गोष्ट आधीच मान्य करू. जहेजचा रोग सिनेमाने आणलेला नाही. हैदराबाद आणि मराठवाड्याकडे 'जोडे की रकम' हे शब्द आपल्या आजी-नानींच्या तोंडी होते. नवऱ्या मुलाच्या कपड्याच्या जोड्याचे नाव सांगायचे आणि रोख रक्कम मोजून घ्यायची, ही रीत जुनीच. उलट जुन्या सिनेमाने या रोगावर बोट ठेवले होते. कोल्हापूरच्या मातीतून आलेल्या व्ही. शांताराम यांनी १९३७ साली प्रभातसाठी 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला होता. नीरा नावाच्या तरुण मुलीला तिचे नातेवाईक पैशाच्या लोभाने फसवून एका म्हाताऱ्या बिजवराच्या पदरात टाकतात आणि ती मुलगी त्याला नवरा मानायलाच नकार देते. हिंदीत तोच चित्रपट 'दुनिया न माने' या नावाने आला. पुढे १९५० मध्ये याच शांताराम यांनी 'दहेज' काढला. नावातच सगळे आले. त्यातला बाप स्वतःचे होते-नव्हते ते विकून मुलीच्या सासरी सामान घेऊन पोहोचतो, तेव्हा मुलगी शेवटचे श्वास मोजत असते. आज असा चित्रपट कोणी काढला तर त्याला रडका म्हणतील. पण त्या काळी लग्नाचा हिशेब पडद्यावर उघड मांडला जात होता, एवढे खरे.

मुसलमान घरांवरचे चित्रपट मात्र तेव्हाही वेगळ्या वाटेने चालले होते. त्यांना 'मुस्लिम सोशल' म्हणत. 'मदर इंडिया'च्या चौदा वर्षे आधी, १९४३ मध्ये, मेहबूब यांनीच 'नजमा' काढला होता. लखनौच्या खानदानी घरांतली गोष्ट. एकमेकांवर जीव असलेले दोघे वडीलधाऱ्यांच्या इच्छेपुढे मान तुकवतात आणि वेगवेगळ्या घरी संसार थाटतात. नंतर १९६० मध्ये 'चौदहवीं का चाँद' आला, १९६३ मध्ये 'मेरे महबूब' आला. हवेली, चिलमन, अत्तर, शेरोशायरी, नकाबातून दिसणारे दोन डोळे. गाणी अवीट होती यात शंका नाही. पण या पडद्यावर मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला कधी नवरदेव झाला नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठचा जहाजावर जाणारा खलाशी झाला नाही. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी घडवणारा कारागीर झाला नाही. मुसलमानाचे लग्न म्हणजे नवाबाचे लग्न, असे चित्र देशभर ठसले. ते इतरांच्या मनात ठसले याचे एवढे काही नाही. आपल्याच मनात ठसले, हे महाग पडले. कोकणातल्या आपल्या बायका लग्नात बोलीभाषेतली गाणी म्हणत, हळद-मेंदीला शेजारपाजार जमे, जेवण अंगणात होई. त्या लग्नाला आता कोणी लग्न म्हणेना. भाड्याची शेरवानी, भाड्याचा घोडा आणि 'शाही' नावाचा हॉल आला, तेव्हा कुठे लग्न झाल्यासारखे वाटू लागले.

याला एक मोठा अपवाद आहे. एम. एस. सथ्यू यांचा १९७३ चा 'गर्म हवा'. आग्ऱ्यातले सलीम मिर्झा हे जोडे बनवणारे कारखानदार. फाळणीनंतर धंदा बसत चाललेला, भावंडे एकेक करून सीमेपलीकडे जात असलेली. त्यांची मुलगी अमीना हिचे लग्न दोनदा ठरते आणि दोनदा मोडते, कारण मुलगा पलीकडे गेला की त्याच्या घरच्यांना तिकडचे वजनदार स्थळ बरे वाटते. दुसऱ्या वेळी मुलाची आई लग्नाच्या खरेदीसाठी आग्ऱ्याला येते. अमीनाला वाटते, ही खरेदी आपल्यासाठी आहे. ती नसते. नवरीच्या ओढणीत स्वतःला गुंडाळून अमीना जीव देते, तो प्रसंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरता येणार नाही. लोक हा चित्रपट फाळणीचा म्हणून सांगतात. आम्ही तो वयात आलेल्या मुलीच्या घरचा चित्रपट म्हणूनही पाहतो. स्थळ हातचे जाऊ नये म्हणून आई-बाप काय काय गिळतात, ते इतक्या शांतपणे दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही.

आता १९८२ या वर्षाकडे या. एकाच वर्षात तीन चित्रपट आले आणि तिन्ही लग्नाविषयी होते. बी. आर. चोप्रा यांचा 'निकाह', सागर सरहदी यांचा 'बाजार' आणि राजश्रीचा 'नदिया के पार'.

'निकाह' सर्वांत गाजला. सलमा आगाची निलोफर, धंद्यात बुडालेला नवाब नवरा वसीम, रागाच्या भरात एका दमात दिलेला तलाक, मग दुसरा विवाह, आणि पुन्हा पहिल्या नवऱ्याचे डोळे. शेवटी निलोफर दोन्ही पुरुषांना सुनावते की आपण काही इकडून तिकडे द्यायची वस्तू नाही. ते बोलणे योग्यच होते. पण या चित्रपटानंतर मुसलमानांच्या लग्नाविषयी बाहेरच्या समाजाला एकच शब्द पाठ झाला, तो म्हणजे तलाक. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तलाक रद्द ठरवला, २०१९ मध्ये कायदा आला, आणि त्या चर्चेतही लोकांच्या डोळ्यांपुढे निलोफरच होती. या गडबडीत चित्रपटातली एक साधी गोष्ट निसटली. तो संसार मोडला कशाने? वसीमला बायकोसाठी वेळ नव्हता. लग्नाच्या वाढदिवशी पाहुणे घरात आणि नवरा कामात. पैसा भरपूर होता, माणूस घरात नव्हता. हे दुखणे आखातात नोकरीला असलेल्या आणि मुंबईत दोन-दोन पाळ्या करणाऱ्या आपल्या कितीतरी घरांना ओळखीचे आहे. त्यावर मात्र कोणी चर्चा घडवली नाही.

'बाजार' कमी लोकांनी पाहिला. आम्हाला विचाराल तर या विषयावर हिंदीत एवढा खरा चित्रपट दुसरा झालेला नाही. गोष्ट हैदराबादची. आखातात पैसा कमावून आलेले प्रौढ पुरुष तिथल्या गरीब घरांतल्या कोवळ्या मुली पाहायला येतात, पसंत करतात, निकाह लावतात. सगळे रीतसर. काझी आहे, साक्षीदार आहेत, कबुली आहे, दावत आहे. वरून पाहिले तर काहीच चुकलेले नाही, आणि तरी तो बाजार आहे. स्मिता पाटीलने रंगवलेली नजमा ही पडत्या नवाब घराण्यातली. घर सोडून ती मुंबईत अख्तर नावाच्या माणसाच्या आशेवर राहते. अख्तर लग्न पुढे ढकलत असतो, कारण त्याच्याकडे पैसा नाही. त्याला पैसा देऊ शकणारा शाकिर खान आखातातून आलेला आहे आणि त्याला बायको हवी आहे. अख्तर नजमाला सांगतो, याच्यासाठी मुलगी शोध, मग आपलेही लग्न होईल.

इथे हा चित्रपट वाचकांनी जरा थांबून पाहावा. नजमा दुष्ट नाही. तिला फक्त स्वतःचे घर हवे आहे. ती हैदराबादला जाते, मुली गोळा करते, दाखवते. शाकिरची नजर जिच्यावर पडते ती शबनम निघते, सुप्रिया पाठकची. तिचा जीव सरजूवर असतो. हा सरजू म्हणजे फारुख शेख, हातावर पोट असलेला सरळ मुलगा. शबनमच्या घरात दारिद्र्य एवढे की नकार द्यायला तोंड नाही. लग्न होते आणि मुलगी विष घेते. स्वतःच्या लग्नाची किंमत आपण दुसऱ्या मुलीच्या लग्नाने चुकती केली, हे नजमाला कळते तेव्हा उशीर झालेला असतो. या चित्रपटात खलनायक शोधायला गेलात तर सापडत नाही. प्रत्येकाला काही ना काही हवे आहे आणि प्रत्येकाजवळ पैसा कमी आहे. ज्याच्याजवळ तो आहे, तो मागेल ते मिळवतो. आपल्याकडे स्थळे दाखवणाऱ्या कितीतरी भल्या खाला आणि फुफी आहेत. त्यांनी हा चित्रपट एकदा पाहावा, असे सुचवण्याचे धाडस आम्ही करतो.

तिसरा 'नदिया के पार'. पूर्वेकडच्या खेड्यातली गोष्ट, शेणाने सारवलेले अंगण, नावेतून जाणे-येणे. आजारी काकांना बरे करणारा वैद्य फी म्हणून पैसे मागत नाही. मुलीसाठी त्या घरचा थोरला मुलगा मागतो. लग्न होते ते गावच्या ऐपतीत. बारा वर्षांनी, १९९४ मध्ये, राजश्रीनेच हीच गोष्ट पुन्हा सांगितली आणि तिचे नाव ठेवले 'हम आपके हैं कौन'. थोरली सून जाते, लहान मूल मागे राहते, धाकट्या बहिणीला थोरल्या दिराशी लावून द्यायचे ठरते आणि तिचा जीव धाकट्यावर असतो. गोष्ट तीच, माणसे तीच. फक्त अंगणाचे झाले पोहण्याच्या तलावाचे घर आणि काका झाले उद्योगपती. मधल्या काळात १९९१ साल येऊन गेले होते, बाजार खुला झाला होता, दुकानांत परदेशी माल आला होता. चौदा गाणी होती. साखरपुडा, लग्न, जोडे लपवणे, डोहाळे, बारसे, प्रत्येकाला एक गाणे. रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्मीकांत बेर्डे अशी आपल्या महाराष्ट्रातली ओळखीची माणसे त्यात होती, म्हणून तो घरचाच वाटला. माधुरीची जांभळी साडी लग्नाच्या हंगामात दुकानादुकानांत टांगली गेली.

त्या चित्रपटात अश्लील काही नव्हते, मारामारी नव्हती. आजी-आजोबांसह सगळे घर जाऊन पाहून येऊ शके. म्हणूनच त्याचा परिणाम खोल झाला, असे आम्हाला वाटते. उघड वाईट गोष्टीला आपण दारातच अडवतो. ही मात्र कुटुंबप्रेमाच्या हाताला धरून आत आली. मुलीचा बाप प्राध्यापक आहे, एवढे पडद्यावर कळते. प्राध्यापकाच्या पगारात हे सारे कसे बसले, हा प्रश्न तीन तासांहून लांब चित्रपटात एकालाही पडत नाही. 'मदर इंडिया'त लग्न झाल्याबरोबर कर्जाची कुजबुज सुरू होते. इथे लग्न झाल्याबरोबर पुढचे गाणे सुरू होते.

त्याच सुमारास गावोगावी लग्नाचा व्हिडिओवाला आला. खांद्यावर कॅमेरा, हातात झगझगीत दिवा. नंतर घरी व्हीएचएस कॅसेट यायची, तिच्यात नवरा-नवरीच्या चेहऱ्यांभोवती बदाम आणि गुलाब फिरायचे आणि मागे त्या वर्षीची गाणी वाजायची. मालेगावच्या चित्रपटवेड्यांची कहाणी आता जगभर माहीत झाली आहे. २००० साली 'मालेगाव के शोले' बनवणारे शेख नासिर हे लग्नांचे व्हिडिओ चित्रीकरणही करत असत. लग्न टिपणाऱ्या हातांनीच पुढे सिनेमा काढला, यात नवल नाही, कारण लग्न तोवर सिनेमा झालेलेच होते. काझीसाहेब रजिस्टर भरत असताना कॅमेरा कोठे असे? बहुतेक वेळा बुफेच्या टेबलावर किंवा बायकांच्या बाजूला. निकाहाला लागतात पंधरा मिनिटे, कॅसेट असायची तीन तासांची. उरलेले पावणेतीन तास भरायला काहीतरी लागणारच. मग मंगनीचा वेगळा कार्यक्रम, मेहंदीचा वेगळा, हळदीचे पिवळे कपडे वेगळे, संगीतासाठी नाच शिकवायला मास्तर. आता तर निकाहाच्या आधीच नवरा-नवरीला डोंगरावर, समुद्रावर नेऊन चित्रीकरण करतात आणि वरून ड्रोन फिरतो. जो मुलगा अजून त्या मुलीचा कोणी लागत नाही, त्याच्या हातात हात देऊन ती पळत येते आणि घरची वडीलधारी मंडळी मोबाइलवर ते पाहून माशाअल्लाह म्हणतात.

२०१० च्या 'बँड बाजा बारात' मध्ये या धंद्यालाच नायक-नायिका मिळाले. दिल्लीची दोन मुले लग्ने पार पाडून देणारी कंपनी काढतात, तिचे नाव 'शादी मुबारक'. चित्रपट गमतीदार आहे, मेहनती मुलीचे चित्र त्यात चांगले आहे. पण त्यात श्रीमंतांच्या वस्तीतली लग्ने हाती लागणे म्हणजे मोठे होणे, हे गृहीतच धरले आहे. लहान लग्न ही पहिली पायरी आहे, चढून मागे टाकायची.

कोणी म्हणेल, ज्यांच्याजवळ आहे त्यांनी केले तर बिघडले कुठे? बिघडते ते शेजारच्या घरात. एका मोहल्ल्यात एका व्यापाऱ्याने मुलीच्या मेहंदीला रोषणाई केली, की त्याच गल्लीतल्या रिक्षावाल्याच्या मुलीला पुढच्या वर्षी सासरचे विचारतात, तुमच्याकडे काय काय होणार? मग गावाकडची दोन गुंठे जागा जाते, आईच्या पाटल्या बँकेत जातात, भाऊ आखातात दोन वर्षे जास्त काढतो. कमी भाराच्या निकाहात बरकत अधिक, या आशयाची हदीस काझीसाहेब खुतब्यात सांगतात, आणि ज्या हॉलमध्ये ती सांगितली जाते त्याचे भाडे ऐकून ऐकणारे गप्प बसतात.

इच्छेविषयीही बोलायला हवे, कारण सिनेमाचा खरा माल तोच आहे. आपल्यातले काही लोक इच्छेचे नाव निघाले की कान बंद करतात. ते बरोबर नाही. आपल्या दीनने नवरा-बायकोमधल्या ओढीला कधी गलिच्छ म्हटलेले नाही. कुरआनात दोघांना एकमेकांचा पोशाख म्हटले आहे, दोघांमध्ये प्रेम आणि दया ठेवणे ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. आमची तक्रार वेगळी आहे. सिनेमा ही ओढ लग्नाच्या दारापर्यंत आणतो आणि तिथे दिवा विझवतो. त्यापुढची तीस-चाळीस वर्षे, आजारपण, मुलांच्या फिया, एका खोलीत सासू-सासरे, रात्रपाळी, त्यातही टिकणारी माया, हे त्याच्या कामाचे नाही. आणि दारापर्यंतच्या प्रवासातही तो माणसाच्या ओढीला वस्तूची ओढ चिकटवून देतो. १९७३ च्या 'बॉबी'त तरुण जोडी ज्या छोट्या राजदूत मोटारसायकलवर पळाली, तिलाच लोक 'बॉबी' म्हणू लागले. १९९९ च्या 'ताल' मध्ये प्रेमाची नाजूक देवाणघेवाण होते ती कोका-कोलाच्या बाटलीतून. दोघांच्या मनातले ओठांवर येण्याआधी बाटलीवरचे नाव पडद्यावर येते. अशा प्रेमावर वाढलेल्या मुलाने लग्नात गाडी मागितली तर त्याला ती मागणी वाटत नाही, प्रेमाचाच भाग वाटतो.

इथे 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चे नाव घ्यायलाच हवे. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरात तो ऑक्टोबर १९९५ पासून हजार आठवड्यांहून जास्त चालला. नागपाडा आणि मदनपुरा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे आपल्या कितीतरी घरांतल्या दोन पिढ्यांनी तो त्याच थिएटरात पाहिला. मुलगा मुलीला पळवून नेत नाही, बापाच्या संमतीसाठी थांबतो, म्हणून वडील मंडळी त्याच्यावर खूश. आम्हीही त्या गोष्टीचे मोल जाणतो. पण नीट पाहा. बापाने मुलगी लहानपणीच मित्राच्या मुलाला देऊन टाकलेली असते, आणि शेवटी तोच तिचा हात सोडतो तेव्हा ती गाडीकडे धावते. तिला काय हवे, हे बापाने तिला कधी समोर बसवून विचारले का? आपल्या निकाहात हे विचारणे ही रस्म नाही, अट आहे. वडील वली असले तरी मुलीच्या मनाविरुद्ध तिला कोणाच्या गळ्यात बांधण्याचा विचार प्रेषितांच्या शिकवणीत बसत नाही.

हिंदी सिनेमाला 'कबूल है' हे शब्द फार आवडतात. ते तीनदा म्हणवून घेतले की प्रेक्षक खूश. पुढे त्या नावाची टीव्ही मालिकाही झाली. वास्तविक निकाहाला एकदा प्रस्ताव आणि एकदा स्वीकार पुरे, साक्षीदार हवेत. तीनदा विचारणे ही आपल्याकडची खातरजमेची रीत. पण ज्या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर चालतच नाही, तो प्रश्न तीनदा विचारला काय आणि दहादा विचारला काय. एवढ्या सगळ्या निकाहांत आम्हाला एकच ठळक आठवतो, जिथे मुलगी नकार देते. कमाल अमरोही यांचा 'पाकीजा', १९७२. सलीम तिला नवे नाव देऊन निकाहाला घेऊन येतो, आणि तिला कबुली विचारली जाते तेव्हा ती नाही म्हणून ओरडत पळत सुटते. कारण तिच्या मनातले भय आणि तिच्यावरचा कोठ्याचा कलंक. नकार दुःखातून आलेला आहे. पण तिला विचारले गेले आणि तिचे उत्तर लोकांनी ऐकले, हे त्या अतिनाट्यमय प्रसंगात नकळत घडून गेले आहे.

आणि मेहर? पडद्यावर निकाह लागताना काझी रक्कम पुटपुटतो, लगेच मुबारकबादीचा गलका होतो आणि गोष्ट पुढे जाते. ती रक्कम दिली गेली का, कोणाच्या हातात गेली, तिने तिचे काय केले, हे दाखवावेसे कोणाला वाटत नाही. कुरआनात सूरह निसामध्ये बायकांना त्यांचे मेहर खुशीने द्या असे स्पष्ट फर्मान आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानेही हुंड्याची व्याख्या करताना मेहर त्यातून वगळली आहे. म्हणजे सरकारी कायद्यालाही हे ठाऊक आहे की एक रक्कम मुलीकडून उकळली जाते आणि दुसरी मुलीला द्यायची असते. आपल्या लग्नांत या दोन रकमांचे काय होते? जहेजची यादी चार-चार बैठकांत घोळवली जाते, मेहरचा आकडा मात्र निकाहाच्या दिवशी घाईत कागदावर पडतो. तो अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे उधारच राहतो, आणि जनाजा उठताना विधवेकडून माफ करवून घेतला जातो.

सईद मिर्झा यांच्या १९८९ च्या 'सलीम लंगडे पे मत रो' मध्ये एक छोटी गोष्ट आहे, तिची आठवण इथे येते. मुंबईच्या मोहल्ल्यातला भुरटा गुंड सलीम. त्याच्या बहिणीसाठी अस्लम नावाचा मुलगा येतो. शिकलेला आहे, उर्दू छापखान्यात प्रुफे तपासतो. पगार तुटपुंजा. सलीमच्या खिशात त्याच्यापेक्षा जास्त पैसा खेळतो. तरी त्या घराला आणि हळूहळू सलीमलाही कळते की मुलगा चांगला आहे. स्थळ पाहताना खिसा न पाहता माणूस पाहिला गेला, असे हिंदी चित्रपटात किती वेळा झाले असेल? या प्रुफे तपासणाऱ्या जावयाला कोणी नायक मानले नाही. आमच्यासारख्या मासिकवाल्यांना तो आवडावा, यात आमचा थोडा स्वार्थ आहे म्हणा.

गेल्या काही वर्षांत मुसलमान घरे पुन्हा पडद्यावर आली आहेत आणि आता ती नवाबाची नाहीत. 'गली बॉय'चे धारावी आहे, 'डार्लिंग्स'ची भायखळ्याची चाळ आहे. या सगळ्यांत आम्हाला २०१७ चा 'सीक्रेट सुपरस्टार' जवळचा वाटतो. वडोदऱ्याचे मध्यमवर्गीय घर. आईचे नाव पुन्हा नजमा. तिच्या मुलीला, इन्सियाला, गाण्याचे वेड. मुलीला लॅपटॉप हवा म्हणून नजमा गळ्यातला सोन्याचा हार गुपचूप विकते. एका लग्नाला जायचे असते तेव्हा नवरा म्हणतो, हार घाल. हार नाही हे कळल्यावर घरात जे होते ते पाहवत नाही. मुलीला स्वतःच्या हाताने लॅपटॉप खिडकीतून खाली टाकावा लागतो.

तो हार कोणाचा होता? नवऱ्याला वाटते, आपला. लग्नात चार लोकांनी पाहावा म्हणून बायकोच्या गळ्यात ठेवलेला. शरीअतप्रमाणे बायकोचे सोने, तिचे मेहर, तिला माहेरहून मिळालेले, सारे तिचे एकटीचे. नवऱ्याने त्यावर हात ठेवायचा नाही, हिशेबही मागायचा नाही. नजमाला हे कोणी शिकवलेले नाही. ती चोरासारखी स्वतःचीच वस्तू विकून येते आणि मार खाते. आपल्या कपाटांच्या चाव्या कोणाच्या कमरेला असतात, हे वाचकांनी आपापल्या घरी पाहावे.

पुढे नवऱ्याला रियाधला नोकरी लागते, इन्सियाचे लग्नही तो तिकडेच परस्पर ठरवून टाकतो. विमानतळावर सामान जास्त भरते. नवरा म्हणतो, मुलीची गिटार फेकून द्या. इतकी वर्षे गप्प राहिलेली नजमा तिथे थांबते. वकिलाने तयार करून दिलेल्या तलाकच्या कागदांवर सही करून ते त्याच्या हातात ठेवते आणि मुलांना घेऊन विमानतळाबाहेर येते. आम्ही पाहिले त्या थिएटरात बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नजमाचे मेहर किती ठरले होते, ते फिटले होते की बाकी होते, हे मात्र ना वकिलाने विचारले, ना मुलीने, ना टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणी.